पाचवा महिना

संध्याकाळचा भोंगा झाला की कंपनीतल्या साऱ्यांचे चेहरे खुलायचे. चंद्राला मात्र तो नकोसा वाटायचा. हात धुऊन, पदर सारखा करून बायका फाटकाशी रांगेत उभ्या राहायच्या आणि रांगेच्या टोकाला भामाबाई उभी असायची. तांब्याची तार कुणी ओच्यात, कमरेला खोचून नेत नाही ना, हे बघायचं तिचं काम. मानेपासून गुडघ्यापर्यंत तिचा हात फिरायचा. हात जाड, खरखरीत आणि सवयीचा. कमरेशी आला की निऱ्या चाचपायचा आणि पोटावरून सपाट खाली जायचा. पुरुषांची झडती पलीकडच्या दारात व्हायची. तिथला वॉचमन नुसता डबा उघडून बघायचा.

चंद्राला चौथा महिना सरत आला होता.

कंपनी नानासोंची. पंपाच्या मोटारी तयार करायची. सांगलीच्या बाजारपेठेत मोटारी दुरुस्त करायच्या एका खोपटापासून नानासोंनी सुरुवात केली, आणि आता माधवनगरच्या रस्त्याला त्यांच्या तीन मोठ्या पत्र्याच्या शेडी उभ्या होत्या, चौथीचा पाया खणून झाला होता. उसाला पाणी कितीही दिलं तरी पुरत नाही, त्यामुळे मोटारींना मागणी वाढतच होती. तार गुंडाळायच्या कामाला बायका घेतल्या, कारण बायकांची बोटं बारीक आणि मजुरी कमी. पुरुषांना निळे कोट, बसायला स्टूल. बायकांना गोणपाट. पुरुष एकेक करून कायम होत गेले. बायका चार-चार वर्षं टेंपरवारीच राहिल्या.

चंद्रा म्हसवडकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि तिची विधवा आई बनुबाई दोघीही खडी फोडायच्या कामावर होत्या. उन्हात भाजलेल्या दगडावर हातोडा घालताना बनुबाईच्या डोळ्यात दगडाची कपची उडाली आणि डावा डोळा कायमचा गेला. तेव्हा दोघी गाव सोडून सांगलीला आल्या. पुढं चंद्राचं लग्न झालं, तेही माणदेशातल्याच जोतिबाशी. तो लष्करात. त्याचा पगार वडूजला त्याच्या आईबापाकडं जायचा, धाकट्या भावंडांची शिक्षणं त्यावर चालायची, आणि त्याबद्दल चंद्राची तक्रार नव्हती. सासरी तिला कुणी जाचत नव्हतं. पण एका डोळ्याच्या आईला टाकून ती वडूजला जाऊन राहणार नव्हती, आणि दोघींचं पोट कंपनीवर होतं. दसऱ्याला जोतिबा रजेवर आला, दिवाळी करून गेला, आणि मागं हे राहिलं.

दिवस गेले की काम गेलं, असा नियम कंपनीत कुठं लावलेला नव्हता. पण सगळ्या बायकांना तो ठाऊक होता. मागल्या वर्षी रंगुबाईला दिवस गेले. तिनं सरळ मनानं शेटेसाहेबांना जाऊन सांगितलं की, साहेब, मला सातव्यात सुट्टी लागंल. शेटे म्हणजे कामगारांचं सगळं बघणारे साहेब; मऊ बोलायचे, टेबलावर कायम गुलकंदाची बाटली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. दुसऱ्या दिवशी रंगुबाईला वॉचमननं फाटकातूनच परत पाठवलं. ती बराच वेळ बाहेर उन्हात उभी होती. आतल्या बायकांना खिडकीतून दिसत होती. कुणी उठलं नाही. चंद्राही उठली नव्हती.

आणि आता चंद्राची पाळी होती.

सगळ्यात कठीण जायचं ते बिल्ल्याचं. संडासला जायचं तर फोरमनच्या टेबलावरचा पितळी बिल्ला उचलून न्यायचा, आल्यावर परत ठेवायचा. पुरुषांना बिल्ला नव्हता. फोरमन नाथाजी मनानं वाईट होता असं नाही, पण चारचौघांत हशा पिकवायची त्याला खोड. म्हणून बायका सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. चंद्राला आता पाणी न पिताही राहवेना. एका दुपारी ती तिसऱ्यांदा टेबलाशी गेली, तर नाथाजी मोठ्यानं म्हणाला, "काय चंद्राबाई, आज हीर पिऊन आलीस व्हय?"

निळे कोटवाले हसले. चंद्राला वाटलं, झालं, आता हा मोजणार. तिनं बिल्ला पदराखाली घेतला.

त्या दिवसापासून तिच्या शेजारी बसणाऱ्या नूरजहांनं आपल्या वाटचं जाणं तिला द्यायला सुरुवात केली. नूरजहां मिरजेची, पदरात तीन मुलं, नवरा सतारीचे भोपळे कोरायचा. ती बिल्ला उचलायची, दारापर्यंत जायची, आणि तिथं "आगं चंद्रे, माजी कॉइल जरा बग," म्हणून हाक मारून बिल्ला तिच्या हातात सरकवायची. चंद्रानं तिला काही सांगितलं नव्हतं. तिनंही काही विचारलं नव्हतं.

वार्निशचा वास दुसरा वैरी. गुंडाळलेल्या कॉइली वार्निशात बुडवून भट्टीत भाजायच्या. भट्टीचं दार उघडलं की तो गोड-जळका वास अंगावर यायचा आणि चंद्राच्या घशाशी आंबट यायचं. ती दात आवळून गिळायची. एकदा गिळता आलं नाही, तेव्हा तोंडाला पदर लावून खोकल्याचं सोंग केलं आणि पदरातच ओकली. तो पदर कमरेशी गुंडाळून ती संध्याकाळपर्यंत तशीच बसली. आपल्याच अंगाची तिला भीती वाटायला लागली होती. हे अंग कधी, कुठं, कुणापुढं आपल्याला उघडं पाडेल याचा भरवसा राहिला नव्हता.

आणि मग एका संध्याकाळी भामाबाईचा हात थांबला.

तो नेहमीसारखा खाली आला, निऱ्यांवरून फिरला, आणि पोटावर जिथून पुढं सरकायचा तिथं सरकलाच नाही. भामाबाईनं वर बघितलं नाही. मागं रांग होती, पुढं उघडं फाटक होतं, आणि मधे तो हात. मग हात निघाला. "चल, फुडं," भामाबाई म्हणाली.

चंद्रा रस्त्यानं चालत सुटली. घरी पोचेपर्यंत तिला वाटत होतं, मागून कुणीतरी नाव घेऊन हाक मारणार. रात्रभर तिला रंगुबाई दिसत राहिली. सकाळी फाटकाशी पोचली तेव्हा वॉचमनच्या समोरून जाताना ती अडखळली. वॉचमन विडी पेटवत होता. त्यानं बघितलंही नाही. आत गेली. भामाबाई पाण्याच्या पिंपाशी एकटी होती. चंद्राला पाहून तिनं खालच्या आवाजात विचारलं, "कितवा?"

"चौथा संपला."

भामाबाईनं मान हलवली आणि पिंपाचं झाकण लावलं. पुढं काहीच बोलली नाही. आणि तेच चंद्राला जास्त जाचलं. सांगणार असेल तर सांगून मोकळी का होत नाही? काही मागणार आहे का? कधी मागणार? रोज संध्याकाळी तो हात यायचा, पोटाशी यायचा आणि न थांबता निघून जायचा. चंद्राला रोज वाटायचं, आजचा दिवस निभला. उद्याचं काय?

मार्च लागला. उन्हाळ्याच्या आत मोटारी द्यायच्या म्हणून भट्टी एक घटका थंड होत नव्हती. अशात एका शनिवारी शेटेसाहेब तार गुंडाळायच्या शेडमध्ये आले आणि सगळ्यांना उभं केलं. नानासोंनी ठरवलंय, म्हणाले, आता बायकांनाही कायम करायचं. बायकांच्या रांगेतून एक हुंकार निघाला. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते असं अचानक समोर आलं होतं.

"सोमवारी डॉक्टर येतील," शेटे पुढं म्हणाले. "तपासणी होईल. जी धडधाकट असेल ती कायम. जी नसेल तिचा हिशोब करून टाकू. आणि सोमवारी जी येणार नाही तिला नाहीच म्हणून समजायचं."

नाथाजीनं विचारलं, "आमच्या टायमाला कुटं तपासलं हुतं, साहेब?"

"बायकांचं वेगळं असतं," शेटे म्हणाले आणि हसले.

रविवारी चंद्रा अंथरुणावरून उठली नाही. बनुबाई उशाशी बसून होती. दोघींचं बोलणं फिरून फिरून तिथंच यायचं.

"न्हाई गेलीस तर?"

"तर नाव गेलं."

"गेलीस तर?"

बनुबाईनं आपल्या एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. त्या डोळ्यात काय होतं ते चंद्राला कळलं, कारण तिच्याही मनात तेच होतं. फोडलेल्या खडीचे ढीग, आणि त्या ढिगांपलीकडं पुन्हा न फोडलेले दगड. मग बनुबाई उठली. ट्रंकेतून आपल्या मेलेल्या नवऱ्याचं जुनं धोतर काढलं, उभं फाडलं आणि त्याचा पट्टा केला.

सोमवारी उजाडताना बनुबाईनं चंद्राच्या पोटाला तो पट्टा बांधला. गुडघा लावून आवळला. "जरा सोस, आजचा दिवस," म्हणत होती. गाठ मारली तेव्हा चंद्राला बरगडीपाशी कळ आली. पोट सपाट झालं. वरून साडी नेसून ती उभी राहिली तर कुणाला काही कळलं नसतं. फक्त श्वास पुरा घेता येत नव्हता. अर्धाच यायचा.

माल भरायच्या खोलीत पडदा लावला होता. बाहेर बायकांची रांग होती. पडद्याआड डॉक्टर, आणि दाराशी खुर्ची टाकून शेटेसाहेब. भामाबाईला एकेकीला आत सोडायला उभं केलं होतं. तिचा चेहरा दगडासारखा होता. पहिली बाई आत गेली, बाहेर आली. दुसरी गेली. चंद्राच्या पुढं नूरजहां होती आणि तिच्याही मानेवर घामाचे थेंब होते. पत्रा तापला होता. चंद्राच्या कानात घूं असा आवाज यायला लागला. ती अर्धा श्वास घ्यायची, अर्धा सोडायची, आणि मनात यमाईचं नाव घ्यायची.

तेवढ्यात पट्ट्याखाली काहीतरी हललं.

आधी तिला वाटलं, कळ आहे. पुन्हा हललं. मासोळी हातातून निसटावी तसं, बारीक आणि झटक्याचं. हे पहिल्यांदाच. बायका ज्याच्याबद्दल बोलायच्या ते हेच, हे तिला सांगावं लागलं नाही. आणि लगोलग दुसरा विचार आला. मी इथं अर्ध्या श्वासानं उभी आहे, तर आत त्याला किती मिळत असेल? मी त्याला दाबून धरलंय. ते सुटायला बघतंय.

ती थांबली, वाट बघितली. हललं नाही. पोटाशी हात नेला. नाही.

आजवरच्या सगळ्या भीती एकदम लहान झाल्या. तिनं साऱ्यांच्या देखत निऱ्यांच्या वरून हात आत घातला, गाठ शोधली. घामानं गाठ पक्की बसली होती. ती नखांनी ओढायला लागली. "चंद्रे, काय करतीस?" नूरजहां कुजबुजली. चंद्रानं तिचा हात ओढून गाठीवर ठेवला आणि दोघींनी मिळून गाठ सोडवली. पट्टा ओढून काढून तिनं तो खाली टाकला. पोट पुढं आलं. श्वास पुरा आत गेला, तेव्हा तिच्या तोंडून हुंदका फुटला.

शेटे खुर्चीतून उठले होते. "हे काय आहे?"

"मला पाचवा हाय," चंद्रा म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "मी बांधून आलते. आता त्ये हालत न्हाई. डॉक्टरास्नी बगू द्या."

मग नूरजहां, जिला कधी कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणाली, "साहेब, मला बी तिसरा हाय." तिच्या पाठोपाठ, रांगेच्या पार शेवटी, राहीबाई नावाची एक पोरसवदा सासुरवाशीण खाली बसली आणि रडायला लागली. तिला काही सांगावंच लागलं नाही.

चंद्रा आश्चर्यानं नूरजहांकडं बघत राहिली. इतके दिवस दोघी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, आणि दोघीही आपापल्या भीतीशी एकट्याच होत्या. आपल्या वाटचा बिल्ला ती कसा देत होती, कुणास ठाऊक.

डॉक्टर म्हातारा होता. त्यानं चंद्राला आत घेतलं, फळीवर झोपवलं, बराच वेळ पोटाला हात लावून बघितलं, नळी लावून ऐकलं. "या महिन्यात नीट ऐकू येत नाही, बाई," तो म्हणाला. "असेल ठीक. घरी जाऊन पडून राहा. पुन्हा असं बांधू नकोस." शेटे पडद्याबाहेरून विचारत होते, "काय लिहू, डॉक्टरसाहेब?" डॉक्टर हात धुवायला गेला.

आवाज वाढला तसे नानासो वरच्या कचेरीतून खाली आले. पांढरा सदरा, टोपी, पायात कोल्हापुरी. त्यांनी खाली पडलेला धोतराचा पट्टा बघितला, मग तिघींकडं बघितलं.

"आगं पोरीनू, मला येऊन सांगायचं न्हाई व्हय?" ते म्हणाले. "मी तुमाला लेकीगत मानतो."

चंद्राचा एक हात पोटावर होता. तिचं लक्ष निम्मं तिकडंच होतं. ती म्हणाली, "रंगुबाईनं सांगितलं हुतं, नानासो."

नानासोंनी शेट्यांकडं बघितलं. शेट्यांनी जमिनीकडं बघितलं. नानासोंना ठाऊक होतं की नव्हतं, हे कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी भट्टीकडं नजर टाकली, तयार व्हायच्या मोटारींकडं टाकली. तिघींना एकदम काढलं तर उन्हाळ्याच्या आत माल जात नाही, हे त्यांच्या मनात आलं असणार. कदाचित दुसरंही काही आलं असेल.

"कुणाला काडायचं न्हाई," ते म्हणाले. "झेपंल तवर कामाव येऊ द्या. बाळातपण झालं की परत या. पगार न्हाई मिळायचा, पर जागा ऱ्हाईल." मग शेट्यांना म्हणाले, "आन कायम करायचं ह्या साली ऱ्हाऊ द्या. समद्याच बायकांचं."

चंद्रा घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. पोटावर दोन्ही तळहात ठेवून ती थांबून राहिली. बनुबाईनं पेज आणली, ती तशीच निवली. "मी आवळलं," बनुबाई एवढंच म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. अंधार पडला. नोकरी राहिली होती, आणि त्या वेळी चंद्राला त्याचं काहीच वाटत नव्हतं. यमाईला काय बोलावं तेही तिला सुचेना. सुचेल ते ती बोलत होती. पहाटे डोळा लागला असेल नसेल, तोच आतून पुन्हा ती मासोळी सुळकन फिरली. चंद्रा उठून बसली. आईला हाक मारली आणि तिचा हात ओढून पोटावर ठेवला. दोघीही श्वास रोखून बसल्या. बनुबाईच्या हाताला काही लागायचं ते लागलं, तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं तोंड झाकून घेतलं.

त्या आठवड्यात फाटकाशी दुसरीच बाई झडतीला उभी होती. भामाबाईला काढलं होतं. रोज हात फिरवणारीला तीन-तीन पोटं कळली नाहीत, म्हणजे ती एकतर आंधळी किंवा सामील, असं शेटेसाहेब म्हणाले. बायकांनी ते ऐकलं. या खेपेलाही कुणी उठलं नाही. उठाव्यात अशा तिघी होत्या, आणि तिघींची जागा नुकतीच थोडक्यात वाचली होती.

चंद्रा सांगलीच्या जुन्या गावभागात भामाबाईचं घर शोधत गेली. भामाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं बस म्हटलं नाही.

"माज्यामुळं झालं," चंद्रा म्हणाली.

"व्हय, तुज्यामुळंच." भामाबाईनं एक शेंग फोडली. "न्हाईतर कुणामुळं?"

"तुमी का सांगितलं न्हाई, मावशी? तुमाला तर पयल्यापास्नं ठावं हुतं."

"मला तार हुडकायला ठेवलं हुतं. प्वाटं हुडकायला न्हाई." मग तिनं सुपातल्या मूठभर शेंगा चंद्राच्या ओच्यात टाकल्या. "आता जा. ऊन लय हाय."

श्रावणात चंद्राला मुलगी झाली. जोतिबाला रजा मिळाली नाही. बाळंतपण अंगावरून उतरताच ती पोरीला घेऊन कंपनीत गेली. चौथी शेड उभी राहिली होती, फाटकावर नवी पाटी होती. वॉचमन म्हणाला, जागा भरली. ती परत गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. नूरजहांचं अजून व्हायचं होतं, तरी तीही पोट घेऊन तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. पोर रडायची, तिला पदराखाली घेऊन चंद्रा तिथंच पाजायची. आत जाणारे निळे कोटवाले मान वळवून जायचे. अखेर एका सकाळी नानासोंची गाडी फाटकाशी थांबली. काच खाली झाली. त्यांनी तिला ओळखायला थोडा वेळ घेतला, किंवा तसं दाखवलं. मग वॉचमनला म्हणाले, "घ्या आत."

आत घेतलं, पण नवी बाई म्हणून. मागली वर्षं धरली नाहीत. पुरुषांतल्या आणखी काही जणांना त्याच महिन्यात कायम केलं, पेढे वाटले. एक पेढा बायकांच्या गोणपाटांपर्यंतही आला. दुपारच्या सुट्टीत बनुबाई पोरीला घेऊन रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली यायची. तिथवर जायलाही नाथाजीला विचारावं लागायचं. तो आता हसायचा नाही. विचारलं की मान हलवायचा आणि दुसरीकडं बघायचा.

नूरजहांच्या रिकाम्या जागेवर एक नवीन मुलगी आली होती, कवठ्याकडची, हातावरची हळद अजून फिकी न झालेली. काम शिकवताना चंद्रा तिच्या बोटांकडं बघत होती, आणि ती मुलगी लिंबाखाली बसलेल्या बनुबाईकडं. खूप वेळानं तिनं मान खाली घालूनच विचारलं, "आक्का, हितं दिस गेलं तर काडत न्हाईत, आसं म्हंत्यात. खरं हाय व्हय?"

चंद्राच्या हातातली तार थांबली. भट्टीचं दार उघडलं होतं आणि तोच गोड-जळका वास शेडभर पसरत होता.

"आमाला तरी न्हाई काडलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, आवाज आणखी खाली आणून, "पर तू आदी मला सांग. दुसऱ्या कुणाला सांगू नगंस. आपुन दोगी मिळून सांगू."